तंजावरचे छत्र आणि बाळाचे पहिले शंभर दिवस

लहान मुलाची दृष्ट काढताना आपल्याकडे मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकीत. मिरच्यांचा ठसका उठला नाही तर दृष्ट फार लागली होती असे समजायचे, आणि उठला तर सारे घर खोकत बाहेर यायचे. आमच्या आजीचा ह्या उपायावर फार विश्वास होता. जिच्या मांडीवर बाळ असे, त्या बाळंतिणीला मात्र त्या वेळी काय वाटत असेल, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मिरच्यांच्या ह्याच धुराची एक वेगळी हकीकत मराठ्यांच्या इतिहासात आहे. तिथे धूर केला तो मुलाच्या रक्षणासाठी नव्हे, त्याला छळण्यासाठी. स्थळ तंजावरचा राजवाडा, आणि मुलगा म्हणजे पुढे ज्यांची कीर्ती विद्याव्यासंगी राजे म्हणून युरोपपर्यंत गेली ते सरफोजी भोसले.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ह्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीच्या काठी हे राज्य उभे केले. त्याच घराण्यातील तुळजाजीराजांना औरस वारस उरला नाही, तेव्हा त्यांनी १७८७ साली भोसले कुळातीलच एक मुलगा दत्तक घेतला. हेच सरफोजी. त्यांचा जन्म १७७७ चा, म्हणजे दत्तविधानाच्या वेळी ते अवघे नऊ-दहा वर्षांचे होते. त्याच वर्षी तुळजाजी वारले आणि त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंग ह्यांनी गादी बळकावली. दत्तक मुलाला मारून टाकणे सोयीचे नव्हते. इंग्रजांचे लक्ष होते, आणि तुळजाजींनी ज्याच्यावर मुलाचा भार टाकला होता तो जर्मन मिशनरी श्वार्ट्झ गावातच होता. तेव्हा मुलाला वाड्यातल्या बंदिस्त दालनात ठेवण्यात आले. ऊन नाही, मोकळी हवा नाही, खेळ नाही आणि शिक्षणही नाही. दिवसाही उजेड काय तो दिव्याचा. श्वार्ट्झच्या जुन्या चरित्रग्रंथांत ह्या काळाचे जे वर्णन आहे त्यातच ती मिरच्यांची गोष्ट येते. मुलाच्या आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांच्या निवासालगत मिरच्यांचे ढीग जाळण्यात आले, आणि आत कोंडलेल्यांचा जीव गुदमरला. श्वार्ट्झने मद्रास सरकारकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. अखेर १७९३ साली सरफोजी आणि राण्या मद्रासेस हलवल्या गेल्या, आणि पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा उजेडात आला. पुढे १७९८ साली त्यांना गादी मिळाली. मात्र दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला, आणि राजांकडे किल्ला व वसुलाचा पाचवा हिस्सा तेवढा राहिला.

राज्य गेलेल्या राजाने काय करावे? बहुतेकांनी काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. सरफोजींनी सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढवला, देवनागरीचा छापखाना घातला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ ह्या नावाने छापवले. पुण्या-मुंबईकडे मराठी पुस्तके छापू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. ‘धन्वंतरी महाल’ काढून त्यांनी देशी वैद्य आणि युरोपीय डॉक्टर ह्यांची विद्या एका छपराखाली आणली. तिथल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, रंगीत चित्रांसह, आजही पाहायला मिळतात. वैद्यांनी अनुभवाने ठरवलेले उपचार तमिळ पद्यांत गुंफवून घेतले गेले, आणि त्या ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ मालेत गर्भिणी आणि बालरोग ह्यांच्या चिकित्सेचाही भाग आहे. हे सर्व पुष्कळांनी सांगितले आहे. मला आज सांगायचे आहे ते एका पत्राविषयी.

तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर भोसले राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे आपल्याकडचे अन्नछत्र आणि धर्मशाळा, पण त्याहून पुष्कळ अधिक. ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ ह्या स्त्रीच्या स्मरणार्थ सरफोजींनी स्वतः उभारलेले छत्र आजही त्यांच्या कोरीव खांबांसाठी पाहण्यासारखे आहे. कंपनीचा कारभार सुरू झाल्यावर ह्या संस्थांचे आणि त्यांच्या उत्पन्नाचे काय होणार ही चिंता राजांना लागली. म्हणून १८०१ च्या आरंभी त्यांनी रेसिडेंटास पत्र लिहून छत्रे आपल्याच देखरेखीखाली ठेवण्याची विनंती केली, आणि त्या ओघात छत्रांत काय काय चालते ह्याचा तपशील दिला.

हा तपशील वाचताना माणूस थबकतो. प्रवाशाला अन्न, आजाऱ्याला औषध आणि पथ्याचे जेवण, बेवारशाला अंत्यविधी, हे अपेक्षितच होते. प्रत्येक छत्राला शिक्षक जोडलेला असे, आणि रोग, गाठी-सूज व विषारी प्राण्यांचे दंश ह्यांवर इलाज करणारे वैद्य असत. अनाथ मुले शिक्षकाच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चौथ्या दिवशी अंगाला तेल, लागेल तेव्हा औषध, कपडे आणि आवडीच्या विद्येचे शिक्षण मिळे. तान्ह्या मुलांना दूध दिले जाई. आणि गरोदर स्त्रियांविषयी राजे सांगतात की, त्यांची काळजीपूर्वक शुश्रूषा होते, छत्रात बाळंत झाल्यास खर्च छत्र करते, औषधे दिली जातात, आणि बाळंतपणानंतर तीन महिने त्यांना तिथे राहू दिले जाते.

तीन महिने! वाटेवर बाळंत झालेली कोण कुठली परकी बाई, तिला आणि तिच्या बाळाला तीन महिने छप्पर, अन्न आणि औषध. अंधाऱ्या दालनातल्या आपल्या लहानपणाची आठवण ठेवून राजांनी ही व्यवस्था केली, असे म्हणण्याचा मोह होतो. कादंबरीकाराने तो जरूर आवरू नये. इतिहास सांगणाऱ्याने आवरावा हे बरे, कारण ह्या दानधर्माची परंपरा आपल्या पूर्वजांची आहे असे राजेच पत्रात सांगतात. तरीही तीन महिन्यांची ती मुदत माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे सव्वा महिन्याचे बाळंतपण मानतात. तीन महिन्यांचा हिशेब ज्या कोणी बसवला, त्याने पुष्कळ बाळे जगताना आणि मरताना पाहिली असली पाहिजेत.

आजचे शरीरशास्त्र ह्या तीन महिन्यांविषयी काय सांगते? मूल जन्माला येते तेव्हा रोगांशी लढण्याची त्याची स्वतःची शक्ती अपुरी असते. गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये, म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या रोगांना ओळखून त्यांना निकामी करणारे पदार्थ, वारेतून बाळाकडे जातात. ही शिदोरी थोड्या महिन्यांची असते. ती सरत असतानाच बाळाला आपली फौज उभी करायची असते, आणि त्या काळात आईचे दूध आतड्याच्या अस्तराचे रक्षण करते. फौजेची तालीम होते ती छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत. शरीराच्या मानाने ही ग्रंथी सर्वांत मोठी असते ती बाळपणी, आणि पुढे ती आक्रसत जाते. त्यामुळे कित्येक वर्षे ती निरुपयोगीच समजली जाई. १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर ह्या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्ले खंगत गेली, आणि परक्या उंदराच्या कातडीचे कलम त्यांच्या अंगाने निमूटपणे स्वीकारले. आपले कोण आणि परके कोण हेच त्या शरीरांना कळत नव्हते. प्रौढ उंदराची थायमस काढली तर लगेच असे काहीच होत नव्हते. म्हणजे प्रश्न केवळ अवयव आहे की नाही एवढाच नव्हता. तो कधी हिरावला जातो हा होता.

ही ‘कधी’ची गोष्ट ध्यानात ठेवली की मिरच्यांच्या धुराकडे परत वळताना थोडे सावध व्हावे लागते. सरफोजी तेव्हा तान्हे बाळ नव्हते. त्यांच्या शरीराची ही तटबंदी बरीचशी बांधून झाली होती. त्या धुराने डोळे चुरचुरले, छाती भरून आली, एवढेच म्हणता येईल. खरी कसोटी लागते ती त्याआधी, गर्भात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत. आणि त्या वयात लागलेला धूर किंवा पोटात गेलेले विष कोणी मुद्दाम केलेले नसते. त्याला ठसका लागत नाही. म्हणूनच ते ओळखायला आपल्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले.

ओळख पटली ती अपघातांनी. १९७९ साली तैवानमध्ये तांदळाच्या कोंड्याचे तेल गाळताना यंत्राच्या नळीतले पीसीबी नावाचे औद्योगिक द्रव्य त्यात झिरपले. सुमारे दोन हजार माणसांनी ते तेल स्वयंपाकात वापरले. त्यांच्या अंगावर काळपट पुळ्या उठल्या, तेव्हा तेल बंद झाले. पण हे द्रव्य चरबीत साठून राहते आणि शरीरातून लवकर जात नाही. तेल खाणे सुटल्यानंतर ज्या स्त्रिया गरोदर राहिल्या त्यांच्या मुलांतही दोष दिसू लागले. त्यांत तान्हेपणी वारंवार होणारा छातीचा कफविकार होता आणि कान फुटणेही होते. ज्या मुलांनी त्या तेलाचा थेंबही चाखला नव्हता, ती त्याची किंमत मोजीत होती.

बांगलादेशात मातलब भागात नलिकाविहिरींच्या पाण्यात जमिनीतलेच आर्सेनिक उतरलेले आहे. तिथल्या गरोदर स्त्रियांची आणि नंतर त्यांच्या बाळांची तपासणी झाली. आईच्या शरीरात आर्सेनिक जास्त आढळले तिथे बाळाची थायमस ध्वनिलहरींच्या चित्रात लहान दिसली आणि श्वसनाचे आजारही अधिक दिसले. मिलरच्या उंदरांची ग्रंथी शस्त्राने काढली होती; इथे ती पाण्याने खुरटली होती, एवढाच काय तो फरक.

परंतु आजारांची मोजदाद करणे अवघड असते. मूल आजारी पडायला हजार कारणे असतात. म्हणून संशोधकांनी एक वेगळीच मोजपट्टी शोधली, आणि ती म्हणजे लस. लस म्हणजे शरीराला दिलेली परीक्षाच. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच, दिवस ठरलेला, आणि उत्तर रक्तात लिहिलेले. आपल्या देशात ही परीक्षा पहिल्यांदा यशस्वीपणे दिली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीने. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातील लस पुढे हातोहात देशभर गेली. सरफोजींच्या त्या पत्राला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. उत्तर अटलांटिक समुद्रातील फेरो बेटांवर फिलिप ग्रांजां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच परीक्षेचा उपयोग केला. न चिकटणारी भांडी आणि पाणी न शिरणारे कपडे ह्यांसाठी वापरली जाणारी फ्लोरीनयुक्त रसायने तिथल्या मुलांच्या रक्तात किती आहेत हे त्यांनी मोजले, आणि धनुर्वात व घटसर्प ह्यांच्या लशींनी निर्माण झालेली प्रतिद्रव्येही मोजली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी रक्तातील ही रसायने दुप्पट असली, तर सातव्या वर्षी प्रतिद्रव्ये जवळजवळ निम्म्याने कमी आढळत. काही मुलांत ती रक्षणाच्या पातळीखाली गेली होती. मुले दिसायला धडधाकट होती. लस दिल्याची नोंद कागदावर होती, पण शरीराने ती पुरती वाचलीच नव्हती.

तैवान, बांगला, फेरो बेटे, हे सारे दूरचे झाले. आता पुन्हा कावेरीकाठी यावे, कारण तिथेही असाच एक शोध लागला आहे.

तंजावर म्हणजे भाताचे कोठार. १९६० नंतरच्या दशकांत जास्त पिकणारी भाताची वाणे आली, रासायनिक खत आले आणि किडीसाठी बीएचसी व डीडीटी आली. बीएचसी स्वस्त होती, भुकटी धुरळली की किडे मरत, आणि वर्षाला दोन-तीन पिके घेणाऱ्या शेतकऱ्याला ती संजीवनीच वाटली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. देशाला धान्य हवे होते आणि ते त्याने दिले. चिदंबरमजवळच्या अण्णामलै विद्यापीठाच्या परंगिपेट्टै येथील सागरी जीवशास्त्र केंद्राने जपानच्या एहिमे विद्यापीठाबरोबर ह्या भुकटीचा माग काढला. उष्ण हवेत भाताच्या खाचरातून बीएचसी पाहता पाहता उडून जाते. पाण्यावाटे समुद्राला मिळणारा भाग अगदी थोडा, बाकी जवळजवळ सारी हवेत. शेतकऱ्याला वाटे ती गेली. ती वाऱ्याबरोबर गेली खरी, पण थोडी गायीच्या चाऱ्यात आणि दुधात उतरली आणि तिथून माणसांत आली. १९९० साली ह्याच संशोधकांनी दक्षिण भारतातील मातांच्या दुधाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात सर्वांत जास्त आढळली बीएचसी आणि तिच्या खालोखाल डीडीटी.

छत्रातल्या बाळंतिणीला तीन महिने जपायचे ते कशासाठी? तिचे दूध टिकावे आणि बाळ धरावे म्हणून. आणि इथे त्या दुधातच शेतावरची भुकटी येऊन बसली! ह्या ठिकाणी एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण अर्धवट ऐकून कोणी भलताच निर्णय घेऊ नये. आईचे दूध तोडण्याचा सल्ला कोणीही जाणता डॉक्टर देत नाही, देऊ नये. त्या दुधातील रक्षक द्रव्यांचा लाभ त्यातील विषाच्या अंशापेक्षा फार मोठा आहे, आणि डब्यातली भुकटी ज्या पाण्यात कालवायची ते पाणी आपल्या देशात कसे असते हे सांगायला नको. उपाय आईच्या अंगावर नाही, तो शेतात आणि कारखान्यात आहे. तो काही अंशी झालाही. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला आणि बीएचसी १९९७ साली. एंडोसल्फान बंद व्हायला २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, आणि तोवर केरळातील कासरगोडच्या काजूबागांभोवती जे व्हायचे ते होऊन गेले होते. २०२० साली तमिळनाडूच्या विधिमंडळाने तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि आसपासचा त्रिभुज प्रदेश शेतीसाठी राखून ठेवणारा कायदा केला. तेल व वायूच्या नव्या विहिरी आणि धातू वितळवण्याचे कारखाने तिथे येऊ नयेत अशी त्यात तरतूद आहे. चांगला कायदा आहे. परंतु तो बाहेरून येणाऱ्या विषाला वेस बंद करतो. शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणीयंत्रात काय भरले आहे, हा प्रश्न तिथेच राहतो.

राहिला धूर, ज्याच्यापासून आपण आरंभ केला. आपल्या घरी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असे. दारे-खिडक्या लावून ओवा आणि बाळंतशेपा ह्यांची धुरी देत, आणि बाळालाही शेकीत. ऊब हवी हे त्यात खरे. कोंडलेली खोली आणि धूर मात्र आपण विनाकारण जोडला. सरफोजींना जे शत्रूने केले ते आपण मायेने करीत आलो, असे म्हटले तर ज्येष्ठ मंडळींना राग येईल, पण तान्ह्या छातीला हेतू कळत नाही.

चुलीचा धूर काढून टाकला तर बाळांचे छातीचे विकार थांबतील का? हे पाहण्यासाठी तंजावरच्या शेजारच्या नागपट्टिनम जिल्ह्यात आणि विळुपुरम भागात एक मोठा प्रयोग झाला. ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथेही तो एकाच वेळी चालला होता. चारही देशांत मिळून ३२०० गरोदर स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतल्या निम्म्यांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर फुकट देण्यात आले, उरलेल्यांच्या घरी चूलच राहिली. गॅसवाल्या घरांतला धूर खरोखरच पुष्कळ घटला. बाळे वर्षाची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. २०२४ साली निकाल प्रसिद्ध झाला, आणि तो अनेकांना चक्रावून टाकणारा होता. तीव्र न्यूमोनियाच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

ह्यावरून धूर निरुपद्रवी आहे असे समजण्याची घाई काही जण करतील. मला ती बरोबर वाटत नाही. स्त्रिया प्रयोगात आल्या तेव्हा गर्भाला तीन-चार महिने होऊन गेले होते, आणि वार व नाळ धरण्याचा काळ चुलीपुढेच गेला होता. शिवाय घरात गॅस आला तरी शेजारणीची चूल भिंतीपलीकडेच पेटते, उसाचा पाचोळा शेतात जळतो आणि भात उकडणाऱ्या गिरणीचे धुराडे गावावर असते. छत्राला चार भिंती होत्या आणि आत आलेल्या बाईला तीन महिने बाहेरच्या जगापासून दूर ठेवता येत होते. हवेला तशी भिंत घालता येत नाही. नागपट्टिनमच्या त्या घरांत निळ्या ज्योतीवर भात शिजत असतो, बाळ पाळण्यात झोपलेले असते, आणि संध्याकाळ झाली की खिडकीतून बोळातल्या चुलींचा धूर हळूहळू आत येतो.